बॅगा दोन, माणूस एक

भाजी चिरून झाली होती, आमचे हे एका पायात मोजा घालून दुसरा शोधत घरभर फिरत होते आणि दूध उतू जायच्या बेतात होतं, तेवढ्यात दारावर थाप पडली. गॅस बंद करून मी दार उघडलं.

समोर शेजारचे बुकिंगकाका. दोन्ही खांद्यांवर बॅगा. काळी त्यांची, लाल काकूंची. काकू मात्र नाहीत. मी जिन्यात वाकून पाहिलं. जिना रिकामा.

दोघं सहलीला गेले होते, आणि एकटाच माणूस दोघांचं सामान घेऊन परत येतो म्हणजे...

"काका, काकू कुठायत?"

"तिकडेच. बरी आहे. माझ्यापेक्षा बरी आहे." एवढं बोलून ते खुर्चीत बसले. बॅगा खांद्यावरच.

काकांची सगळी नोकरी सहल कंपनीत झाली. आधी लोकांना फिरवून आणायचे, पुढे बुकिंगच्या काउंटरवर बसले. शहरात राहावं की खेड्यात, असं कुणीही विचारलं की उत्तर तयार: "मुक्काम शहरात. गावं दिवसा हातावेगळी करायची." हजारो लोकांना त्यांनी असं शहरात ठेवलं, पण स्वतः कुठल्याच खेड्यात एक रात्रही काढली नाही.

या सहलीतही तेच. सकाळच्या बसने डोंगरातलं गाव गाठायचं, शेवटच्या बसने हॉटेलवर परत. रोज.

"एका संध्याकाळी परतीच्या बसमध्ये तिनेच तिची बॅग वर फळीवर माझ्या बॅगेशेजारी ठेवली," काका सांगू लागले. "पाणी घेऊन येते म्हणाली. मी सवयीने ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलो. निघताना मागे वळून मोजलं. दोन बॅगा. म्हटलं, चला."

"माणसं नाही मोजलीत?" ह्यांचा आत्ता कुठे सापडलेला मोजा हातातच राहिला.

"माणसं जागा बदलतात हो. बॅगा हलत नाहीत. आम्ही बॅगाच मोजायचो, कधी चूक झाली नाही." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तिला ते माहीत होतं गं."

शहरात उतरल्यावर त्यांना धक्का बसला. दोन्ही बॅगा हातात आणि मागे कुणीच नाही. तेवढ्यात काकूंचा फोन आला.

"म्हणते कशी, अहो, घाबरू नका. मी गावातच आहे. शेवटची गाडी गेल्यावर इथे काय होतं ते मला बघायचंय. रोज आपण नेमके त्याच्या आधी निघतो. लोहाराच्या घरामागची खोली घेतलीय, महिनाभर राहीन. पर्समध्ये दात घासायचा ब्रशसुद्धा होता म्हणे! म्हणजे सकाळीच ठरवलेलं."

मी थक्क. ज्या काकू वाण्याकडे जातानाही सांगून जातात, त्या!

"मला वाटलं, दोन दिवसांत येईल कंटाळून. नाही आली. परतीची तिकिटं होती, आलो मी."

"मग तुम्हीच का नाही गेलात तिकडे?" ह्यांनी विचारलं.

"तिथे धड दवाखाना नाही, वीज कधीही जाते, पैसे काढायचं मशीन..."

"अहो काका, तुम्ही काउंटरवर नाही आहात," मी म्हटलं.

मी चहा पुढे केला. त्यांनी तो हातात धरला, पण प्यायले नाहीत.

"ती दर वर्षी विचारायची," ते म्हणाले. "खेड्यात राहू या का म्हणून. मी तिलाही गिऱ्हाइकासारखंच उत्तर द्यायचो. ती पुन्हा पुन्हा का विचारते, तेही कधी ऐकून घेतलं नाही."

मग त्यांनी एकेक करून दोन्ही बॅगा खाली ठेवल्या.

"माझं एक काम कर. तिला फोन लाव. मी लावला की गाड्यांच्या वेळा सांगायला लागतो आणि ती ठेवून देते. परत ये, असं म्हणू नकोस. मी तिथे राहायला येऊ का, एवढंच विचार."