मोठेबाबांचा हॉटस्पॉट

दोष मोठेबाबांचा. वडिलांचे थोरले भाऊ, घरातला शेवटचा शब्द त्यांचा. वय झालं म्हणून माफ करायचं, हे आपल्याला जमत नाही.

आर्णीच्या टपरीवर आम्ही गावची पोरं बसलो, की त्यांच्या फोनचा एक तरी किस्सा निघतो. एकातून दुसरा. सगळे हसतात. आधी मीही हसायचो.

कपाशीचं काही खरं नव्हतं, अशी ती वर्षं; जो तो नोकरीचे फॉर्म भरायचा. गावात नेटची रेंज एकाच कंपनीची आणि ते सिम फक्त मोठेबाबांकडे. हॉटस्पॉट मी सुरू करून दिला. पासवर्ड त्यांनी टाकला, माझ्याकडे पाठ करून. ज्याला नेट हवं त्यानं फोन त्यांच्या हातात द्यायचा, ते कोपऱ्यात जाऊन एका बोटानं पासवर्ड टाकणार. एकदा जोडलेला फोन पुन्हा आपोआप जोडला जातो, हे कळल्यावर पासवर्ड रोज बदलायला लागले. सातबारा वाचायला मला बोलावणारा माणूस हे मात्र एका दिवसात शिकला.

पोलीस भरतीचे फॉर्म निघाले तेव्हा मोठेबाबा फोन खिशात घालून वावरात. मागं आम्ही सहा जण. कापसाची वेचणी चालू होती.

"रेंजमंदी राहाचं असन तं तास धरा," म्हणाले. म्हणजे कपाशीची एकेक ओळ धरून वेचत चला.

फॉर्म भरून होईस्तोवर अर्धं वावर वेचून झालं.

मोठीआई, त्यांची बायको, पलीकडच्या तासात होती. कमरेला बांधलेल्या ओट्यात कापूस कोंबत म्हणाली, "तुमी आजच आले रे. मी चाळीस वर्सांपासून याईच्या रेंजमंदी हाओ."

मोठेबाबांना ऐकू गेलं नाही. जाणारच नव्हतं.

मग माझ्या पॉलिटेक्निकच्या परीक्षेचा फॉर्म. साइट आठवडाभर बंद. उघडली ती शेवटच्या दिवशी, आणि तो निघाला दसरा. आर्णीतले कॅफे बंद, माझ्या सिमला रिचार्ज नाही. घरी येऊन बघतो तर पूजेत विळा, वखराची लोखंडी पास आणि त्यांच्या शेजारी मोठेबाबांचा फोन. स्क्रीनवर हळद-कुंकू, वर झेंडू. हॉटस्पॉट बंद.

म्हटलं, एकदा बोट लावा फक्त, वर्षाचा प्रश्न आहे.

"पूजेतलं हत्यार हालवत नसतात. दिवस मावळू दे."

फॉर्मची मुदत पाचपर्यंत. मी बाबांकडं पाहिलं. बाबा जमिनीकडं बघत म्हणाले, "दादा म्हनते ते बराबर हाय."

तीन वाजता फोन वाजला. मोठेबाबांनी झेंडू बाजूला सारला, फोन उचलला आणि मारेगावच्या सोयऱ्याशी अर्धा तास बोलले, कापूस आता विकावा की थांबावं. मग कानाचं कुंकू पुसलं, फोन परत पूजेत ठेवला, फुलं नीट केली.

मी म्हटलं, "आता हालला ना?"

"म्या हालवला," म्हणाले. "तू नाई."

फॉर्म राहिला. वर्ष गेलं. त्यानंतर मी कॉलेजात गेलो नाही.