बिनवासाची गुलछडी

बारामतीतल्या आमच्या रविवारच्या वर्गात चित्रं कमी होतात आणि किस्से जास्त साठतात. वर्ग हार्डवेअरच्या दुकानावर भरतो. सर सोडले तर कुणालाच धड काढता येत नाही, त्यात माझा नंबर पहिला.

सर इम्प्रेशनिस्ट चित्रांवर फिदा. फूल नाही, फुलावरचा उजेड काढायचा, असं म्हणतात.

*

मैत्रीण शैलाने झेंडू काढून फ्रेम करायला दिला. फ्रेमवाल्याने चित्र परत दिलं ते हार घालून! म्हणाला, "आमच्याकडं फोटू माणूस गेल्यावरच येत्यात. सवय हाय."

*

शेळगावचे आबा गुलछडी पिकवतात. पहिल्या दिवशी तांब्याभर कळ्याच घेऊन आले. सर म्हणाले, "उमललेली आणायची ना."

"उमललेली बाजारात कोण घेतंय? आमी कळीच तोडतो."

पुढच्या रविवारी उमललेली आणली. बराच वेळ बघून म्हणाले, "बरी दिसत्यात की."

*

शैलाने विचारलं, "आबा, घरी एवढी फुलं असताना चित्र कशाला?"

"कारभारीण आजारी हाय. केमो चालू झाल्यापासनं तिला गुलछडीचा वास सोसंना, उलटी हुती. पर बघायची लई हौस. म्हणली, बिनवासाची आणा."

शैला उगाच धुतलेला ब्रश पुन्हा धुवायला लागली.

*

सर समजावत होते, "जवळून नुसते डाग दिसतात. लांबून बघायचं."

आबा दारापर्यंत मागे गेले. "हितनं दिसतंय. पर तिची खोली एवढीशी. आन् तिला उठवत न्हाय."



*

"कधी वाळंल?" आबांनी विचारलं.

"तेलरंग जाड आहे. दोन-तीन महिने तरी."

"तेवढं न्हाय आमच्याकडं."

तेव्हापासून वर्गातला एकुलता एक पंखा आबांच्या चित्रावर. आम्ही घामाने निथळायचो, पण कुणी कुरकुर केली नाही.

*

शेवटी सरांनी कॅनव्हासला नाक लावून बघितलं. "कसलाच वास नाही. न्या आता."

पुढच्या रविवारी आबा आले.

"लावलं का?"

"लावलं. तिनं बघितलं आन् पदर नाकाला लावला."

सर कासावीस झाले. "टर्पेंटाइनचा राहिला का?"

"न्हाय. मी इचारलं. गुलछडीचा येतोय म्हणली."

"मग काढून ठेवलं?"

"काढाय गेलो तर हात धरला माझा. पदर तसाच नाकाला, आन् बघत बसली."