पाणी पिणारं इंजन

आमच्या ह्यांनी घरात लेथ मशीन आणलं तेव्हा मला सांगितलं होतं, की किरकोळ कामं करू, चार लोकांची सोय होईल. चार लोक कधी आले नाहीत. मशीन मात्र मागच्या पत्र्याच्या खोलीत असं ठाण मांडून बसलं, की तिथली माझी लाकडं आणि गोवऱ्या अंगणात आल्या. दिवसभर हे आयटीआयमध्ये पोरांना लोखंड कातायला शिकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतः लोखंड कातायचे. दुसऱ्यांचे नवरे घरी येऊन पेपर वाचायचे.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. रोज कुठल्या तरी ऑफिसची नवी पाटी लागायची. पाऊस मात्र दगा देऊन गेलेला, नळ कोरडे. कलेक्टर आले, पाणी काही आलं नाही, असं आमच्या गल्लीतल्या बायका घागरींच्या रांगेत म्हणायच्या.

अशा दिवसांत ह्यांनी चार सिलिंडरचं पेट्रोल इंजन करायला घेतलं. केवढं, तर माझ्या पोळ्यांच्या डब्यात मावेल एवढं. पण आतलं सगळं खरं. ट्रकच्या भंगारातल्या ॲक्सलमधून त्याचा क्रँकशाफ्ट, म्हणजे आतला फिरता दांडा, कातून काढला. पहिला वाकडा झाला, दुसराही वाकडा झाला, मग एकदाचा सरळ निघाला. पिस्टन बोटाच्या पेराएवढे. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बॉलपेनमधल्या. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, आणि माझं एक पेन धड राहिलं नाही. वर्गात बटण दाबलं की रिफील आत गडप व्हायची, मुलं फिदीफिदी हसायची, आणि मी घरी येऊन भांडायची.

"तू टोपणाचं पेन घे की," हे म्हणायचे. "इंजनाला टोपण लावून भागत न्हाई."

"पण हे इंजन करणार काय?"

"चालणार."

"चालून?"

यावर ते कानस उचलायचे.

उत्तर मला ठाऊक होतं, फक्त ते ह्यांच्या तोंडून काढायचं होतं. माझे सासरे अहमदपूरकडच्या एका खेड्यात शेती करायचे. थोरल्या मुलानं रान सोडून लेथ धरलं, हे त्यांच्या गळी कधी उतरलं नाही. "लोखंड खरडून कुनाचं भलं झालंय?" असं ते एकदा म्हणाले. तेव्हापासून आमच्याकडे आले तरी पुढच्या खोलीत बसून चहा घ्यायचे, मागच्या खोलीत पाऊल टाकायचे नाहीत. ह्यांना ते इंजन वडिलांच्या समोर चालवून दाखवायचं होतं आणि त्यांच्या तोंडून एकदा 'चांगलं केलंस' ऐकायचं होतं. कानशिलावर केस पांढरे व्हायला लागलेल्या माणसाला जगाकडून एवढंच हवं होतं. मला त्याचं हसू यायचं, आणि वाईटही वाटायचं.

त्यात एकदा माझा धाकटा दीर नव्या कचेरीत कसल्याशा कामाला आला. तो वडिलांसोबत शेती बघायचा. चहा घेता घेता त्यानं विचारलं, "भाऊ, काय करायलास आजकाल?"

"इंजन," हे ऐटीत म्हणाले. "चार सिलिंडरचं."

आता आमच्या भागात इंजन या शब्दाला दुसरा अर्थच नाही. विहिरीवर बसतं, काळा धूर सोडतं आणि पाणी उपसतं, ते इंजन. तेही एका सिलिंडरचं. एका सिलिंडरला एवढं पाणी, तर चारांना केवढं, हे गणित दिरानं मनातल्या मनात सोडवलं आणि अर्धा चहा टाकून एस.टी. गाठली.

पुढच्या रविवारी सासरे दारात हजर. खांद्यावर जाड दोराचं भेंडोळं. मागे दीर, त्याच्या काखेत इंजन गुंडाळायला रिकामी पोती. अहमदपूरच्या स्टँडवर बैलगाडी थांबवून ठेवली होती आणि सगळ्या गावाला सांगून झालं होतं. सासऱ्यांनी पाण्याला हातही लावला नाही. "कुठाय?" असं विचारत ते थेट मागच्या खोलीत शिरले.

हे तर हरखून गेले. त्यांना वाटलं, वडील कौतुकानं आले. त्यांनी पाटावरच्या इंजनावरचं फडकं बाजूला केलं. सासऱ्यांनी पाटाकडे पाहिलं, मग पाटाच्या मागे पाहिलं, मग लेथच्या मागेही पाहून घेतलं.

"ह्यो नमुना झाला. इंजन कुठाय?"

"हेच हाय, दादा."

दिरानं पोती हळूच पाठीमागे नेली. मी हसू दाबायला तोंडाला पदर लावला, पण ह्यांचा चेहरा पाहिला आणि माझं हसू पळालं.

"पानी किती उपसतंय?" सासऱ्यांनी विचारलं.

"पाणी उपसत न्हाई. चालतंय."

"नुस्तं चालतंय?"

"हाव."

एव्हाना दोराकडे पाहून ह्यांनाही सगळा उलगडा झाला होता. मला वाटलं, आता फडकं परत टाकतील. पण माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "एक पेला पाणी दे." इंजन तापू नये म्हणून त्यात पाणी भरावं लागायचं. मी पिण्याच्या माठातलं दिलं. ते आत ओतताना सासरे म्हणाले, "म्हंजी ह्ये पानी देत न्हाई, वर पितंय."

ह्यांनी चाकाला दोरी गुंडाळून ओढली. काही नाही. पुन्हा ओढली, नुसतं फुस्स झालं. त्यानंतरच्या ओढीला मात्र इंजनानं पकडलं, आणि शिवणयंत्र भरधाव सोडल्यासारखं ते पाटावर घुमायला लागलं. सासरे उकिडवे बसले. धुराच्या नळीसमोर त्यांनी तळहात धरला आणि पेट्रोल संपेपर्यंत तसाच ठेवला.

"आजून येकदा," ते म्हणाले.

ह्यांनी पुन्हा चालवलं. मग भाकरी खाऊन, दोर खांद्यावर टाकून सासरे निघाले. चांगलं नाही, वाईट नाही, चकार शब्द काढला नाही. हे त्यांना स्टँडवर सोडून आले आणि इंजन न पुसताच बसून राहिले. मला सासऱ्यांचा असा राग आला होता, की भांडी घासताना गल्लीला ऐकू गेला असेल.

पुढे कितीतरी दिवसांनी दीर पुन्हा आला, तेव्हा त्या संध्याकाळचं कळलं. रिकामी गाडी गावात शिरली आणि लोकांनी घेरली. इंजन कुठाय, म्हणून जो तो विचारायला लागला. सासरे गाडीतच उभे राहिले.

"इंजन लाखात येक हाय," ते म्हणाले. "माज्या थोरल्यानं सोताच्या हातानं केलंय. चार सिलिंडर, पर येकाचा सूर चुकत न्हाई. इंजनात खोट न्हाई, आपल्या हिरीच त्याच्या लायकीच्या न्हाईत. तळाला पानी आसलेली येक हीर दावा, उद्या आनतो."

लोक पांगले म्हणे.

दीर सांगत होता तोवर हे भिंतीकडे तोंड करून उभे होते. मग म्हणाले, "काय म्हणले? परत सांग."

दिरानं परत सांगितलं.

"तसं न्हाई. पहिल्यापासून सांग. गाडी गावात शिरली, तिथून."