सुनेच्या बाजूचा ब्रेक

माझी सून लोकांना गाडी शिकवते. तिच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक आहेत. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या पायाशी. शिकणारा गोंधळला की शेजारचा ब्रेक लागतो आणि सगळे धडधाकट घरी जातात. सुनेच्या पोटात जुळं आहे, आठवा महिना सरत आलाय, आणि मी तिची सासू, या वयात तिच्याचकडे गाडी शिकतेय. एवढं वाचून ज्यांना हसू आलं असेल त्यांनी हसून घ्यावं. मला येत नाही.

हौस म्हणून शिकत नाही मी. आमच्या चिरंजीवांना एका डोळ्याने जेमतेम दिसतं, त्यामुळे त्यांच्या लायसन्सचा प्रश्न कायमचा मिटलेला. घरात गाडी चालवता येते ती एकट्या सुनेला, आणि ऐन वेळी ती मागच्या सीटवर कळा देत असणार. मग उरलं कोण? मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. माझा आवाज आला की शेजारचा वर्गसुद्धा गप्प व्हायचा. म्हटलं, गाडी ती काय, शिकू.

आता सुनेबद्दल सांगते. झोप हा विषय आमच्या घरात काढायचा नाही. एक उशी पोटाखाली, एक गुडघ्यांमध्ये, एक पाठीला, एक नुसती चिडून भिरकावायला. नवऱ्याची रवानगी सोफ्यावर. कूस बदलायची तर आधी उशा हलवायच्या, मग पोट, मग उरलेली बाई. तेवढ्यात पोटरीत गोळा येतो आणि ती अशी ओरडते की सोफ्यावरचा उठून उभा राहतो. काय करायचं ते त्याला कळत नाही, म्हणून तो दिवा लावतो. दिवा लावला म्हणून ती आणखी चिडते.

आतल्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही. एक झोपलं की दुसरं जागं. वरच्याने डोकं उजव्या बरगडीखाली असं रोवलंय की ती बसल्याबसल्या दोन बोटांनी त्याला खाली ढकलते आणि म्हणते, "सरक ना रे बाबा!" खालचं मूत्राशयावर मुक्काम ठोकून आहे. साधं पाणी प्यायलं तरी छातीत जळजळ. पाय इतके सुजलेत की नवऱ्याच्या चपला घालून कामावर जाते, आणि त्याही संध्याकाळी घट्ट होतात. शिंक यायला लागली की आधी चेहऱ्यावर भीती दिसते. तिच्या शिकवणीचे रस्तेसुद्धा हल्ली बाथरूम बघून ठरतात. पेट्रोलपंप, वाचनालय, दातांचा दवाखाना. तिच्याकडे शिकलेल्या माणसाला सिग्नल ओळखता येवो न येवो, या तिन्ही ठिकाणी गाडी लावता येते.

त्यात लोक. अनोळखी बायका खुशाल पोटावर हात ठेवतात. परवा एकीने विचारलं, "बाई गं, जुळं का?" सून म्हणाली, "नाही, एक माझं आणि एक शेजाऱ्यांचं." बाई हात काढून चालती झाली. मला ते उत्तर फार आवडलं, पण सुनेला तसं म्हटलं नाही. उगाच डोक्यावर बसवायचं नाही.

आणि मी सल्ले देत होते. देणारच. पाय वर घे, डाव्या कुशीवर झोप, थोडं थोडं खा, कामावर जाणं बंद कर. ती "हो आई" म्हणायची आणि किल्ली उचलून निघायची.

गाडीत मात्र उलटं. तिथे ती बोलायची आणि मी "हो" म्हणायचे. पण गेले काही दिवस ती फार ओरडत होती. आधी ती शांतपणे सांगायची, "हळू घ्या, पुढे वळण आहे." आता वळण दिसायच्या आधीच, "हळू! हळू म्हटलं ना!" शिवाय उजवा हात सारखा हँडब्रेकवर. मला ते लागलं. एवढाही भरवसा नाही? पायाशी मोठी पर्स ठेवायची, ती वेगळीच. मी म्हटलं, "मागे टाक की ती." म्हणाली, "राहू दे, तुम्ही समोर बघा." मी समोर बघितलं.

तो प्रसंग फर्निचरच्या दुकानाजवळचा. रस्ता जरा उताराचा. दुकानातून दोन माणसं एक गादी उभी धरून बाहेर आली आणि गादीआडून काहीही न बघता रस्ता ओलांडायला लागली. सून ओरडली, "ब्रेक! आई, ब्रेक!"

आणि मी वाट बघत बसले.

हे कबूल करण्यात मला लाज नाही, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. दोन ब्रेकांच्या गाडीत शिकणारं माणूस आळशी होतं. शेजारून "ब्रेक" असं ओरडणं आलं की पाठोपाठ गाडी आपोआप थांबते, ही मला सवयच झालेली. म्हणून मी शहाण्यासारखे दोन्ही पाय उचलून घेतले. गाडी काही थांबली नाही. उताराने ती सरळ गादीकडे निघाली. सुनेने दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला, गाडी कचकन अडखळली, आणि बॉनेट गादीत जाऊन टेकलं. पलीकडून एक माणूस गादीच्या वरून डोकावला आणि त्याने आमचा जो उद्धार केला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

माणसं सुखरूप, गादी सुखरूप. मी गाडी कशीबशी कडेला घेतली, आणि वाकून तिची पर्स उचलली. तिचा ब्रेक तिथेच होता. तिचा पाय त्याच्यापासून वीतभर अलीकडे. पोट डॅशबोर्डला टेकू नये म्हणून ती सीट मागे घेत गेली होती, थोडी थोडी करत, आणि पाय काही लांब होणार नव्हते.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन आठवडे. तीन असतील."

"आणि रोज लोकांना घेऊन फिरतेस? पोटात दोन जीव घेऊन? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

तिचं नाक लाल झालं. मला तिला चांगली थोबाडीत द्यावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीती त्याहून जास्त वाटली. तिच्या पायाखाली ब्रेक आहे म्हणून मी बिनधास्त चालवत होते, आणि तिच्या पायाखाली काहीच नव्हतं.

स्कूलच्या मालकांना कळलं तर ती आजच घरी बसणार, तिचे शिकाऊ दुसऱ्या मास्तरांकडे जाणार, हे उघड होतं. नाही कळलं तर उद्या माझ्या जागी एखादा नवखा असणार आणि समोर गादी नसणार. मी फोन काढला. ती माझ्या हाताकडे बघत राहिली.

"तू सांगतेस की मी सांगू?" मी म्हटलं.

"मी सांगते," ती म्हणाली. "पण तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

गाडी स्कूलपर्यंत मीच नेली, चालत गेलो असतो तर लवकर पोचलो असतो इतकी हळू. मालक भला माणूस. त्याने तिला बसवलं, पंखा तिच्याकडे वळवला, आणि सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "बाई, हे आधी का नाही सांगितलंत?" मग म्हणाला, "बाळं मोठी झाली की बघू." हे "बघू" कसं असतं ते नोकरी केलेल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. तिने किल्ली टेबलावर ठेवली. मी मध्ये बोलले नाही. ओठ चावून बसले होते.

बाहेर भिंतीला लागून एक बुटकं बाक आहे. चिरंजीव रिक्षा घेऊन येईपर्यंत आम्ही त्यावर टेकलो. ती रडत होती, रागाने रडतात तसं, नाक ओढत.

"आता तरी आराम कर," मी सुरू केलं. "पाय वर घे, मी तर पहिल्यापासून..."

"आई, थांबा!" ती म्हणाली. "एकदा तरी थांबा. माझ्या सांगण्याने आता कुणीच थांबत नाही. आतले दोघं रात्रभर लाथा मारतात, मी म्हणते थांबा, ते थांबत नाहीत. रस्त्यावरच्या बायका थांबत नाहीत. डॉक्टर माझ्याशी न बोलता सोनोग्राफीच्या पडद्याशी बोलतात. तुम्ही तर मुळीच थांबत नाही. गाडीत मी थांब म्हटलं की थांबायचे हो सगळे! मला माहीत होतं पाय पोचत नाही ते. रोज ठरवायचे, आज सांगते. पण ते सांगितलं की संपलं. मग नुसतं पोट उरतं आणि त्याच्याभोवती सल्ले देणारी माणसं."

माझं तोंड उघडंच होतं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तू चुकलीस हे होतं, जीव गेला असता हे होतं, आणि ते खरंही होतं. तिलाही ते माझ्याइतकंच माहीत होतं. मी तोंड मिटलं.

रिक्षा आली. चिरंजीव धावत आले आणि त्यांनी तिला काखेत धरून उचलायला घेतलं. तिने त्यांचा हात झटकला आणि माझ्याकडे बघितलं.

"आई, समोर या. हात पुढे करा. ओढू नका हं. नुसत्या घट्ट उभ्या राहा, मी उठते."

मी पाय रोवून उभी राहिले. तिने माझी मनगटं धरली आणि आपल्या बळावर, कण्हत, उठली.