सहीचे कोरे कागद

नवरा गेल्यावर वर्षाच्या आत मी सरपंच झाले. झाले म्हणजे दिरानं केलं. गावची जागा बाईसाठी राखीव निघाली होती. खुर्चीत तो बसायचा. मी घरी कोऱ्या लेटरपॅडवर सह्या करून गठ्ठा त्याच्याकडं द्यायचे. "वैनी, तुम्ही पोरी सांभाळा, बाकीचं मी बघतो." पुढं जिल्हा परिषदेत गेले, मंठ्याच्या बाजारात माईक धरून बोलायला लागले, अधिकाऱ्यांशी भांडले, पण गठ्ठ्याची सवय सुटली न्हाई. मी दौऱ्यावर असताना लोकांची कामं अडू नयेत म्हणून! आता आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

विधानसभेसाठी पक्षानं माझं नाव मुंबईला धाडलं. त्या आठवड्यात जेवण जाईना, पाय एका जागी ठरेना. यादी यायच्या आदल्या दिवशी सकाळीच जिल्हाध्यक्षांचा फोन. "ताई, माघार का घेतली? तुमचं पत्र आलंय. घरच्या अडचणीमुळं दिराला तिकीट द्या म्हणताय."

लेटरपॅड माझं, सही माझी. मजकूर तेवढा त्याचा.

दीर ओसरीत चहा पीत बसला होता. "आमदारकी बाईमाणसाला झेपत न्हाई, वैनी. घराच्या इज्जतीचा सवाल आहे." अस्सा संताप आला! सासूकडं पाहिलं, तिनं तोंड फिरवलं. मंग मी भांडत बसले न्हाई. पोरींना शेजारच्या चाचींकडं सोडलं. "जा बेटी, जल्दी जा," त्या म्हणाल्या, आणि मी जालन्याची वाट धरली.

जिल्हाध्यक्ष म्हणाले, "लिहून द्या." कागद पुढं घेतला आणि घाम फुटला. इतकी वर्षं राजकारणात, पण एक पत्र स्वतः लिहिलेलं न्हाई. 'ते पत्र माझं नाही. मी लढणार आहे.' दोन ओळींना तीन कागद फाडले.

तिकीट मिळालं, निवडूनही आले. दीर अजून माझ्याशी बोलत न्हाई.

परवा मुंबईला निघायची घाई चाललेली. माझा स्वीय सहायक, पन्नाशीचा सरळ माणूस, लेटरपॅड घेऊन आला. "ताई, आठ-दहा सह्या करून ठेवता का? अडायला नको." मी पेन उघडलं. चौथ्या कागदावर भानावर आले आणि चारही टराटरा फाडले.

त्याचा चेहराच उतरला. "माझ्यावर भरोसा न्हाई का, ताई?"

"तुझ्यावर आहे रे बाबा," मी म्हणाले, "माझ्या हातावर न्हाई."