गल्लीचा फोन

लंडनजवळ वॉटफर्डला मी मिनीकॅब, म्हणजे भाड्याची टॅक्सी, चालवायचो. माझी शाळा चौथीत सुटली, म्हणजे शाळेनेच मला सोडलं. इंग्रजी गिऱ्हाइकांकडून शिकलो, त्यामुळे शिव्या आधी आल्या.

एका सकाळी एक म्हातारा हॉस्पिटलला जायला निघाला. इथली माणसं मागे बसतात. हा सरळ पुढचं दार उघडून माझ्या शेजारी. मी घाबरून पाकीट मांडीखाली सरकवलं. तो म्हणाला, "मेट, आमच्याकडे मागे बसलं तर ड्रायव्हरला वाटतं, हा स्वतःला साहेब समजतो." मेट म्हणजे दोस्त; त्याच्या ऑस्ट्रेलियात कुणालाही मेटच म्हणतात.

म्हातारा मेलबर्नचा. त्याची एकुलती एक मुलगी इथे शाळेत शिकवायला आलेली. सायकलवरून जाताना तिला व्हॅनने उडवलं, तेव्हापासून ती शुद्धीवर नव्हती. डॉक्टर म्हणत होते, तिच्याशी बोलत राहा. मग रोज मीच त्याला सोडायला लागलो.

गाडीत बसला की त्याचा मोबाइल वाजायचा. तिकडे तेव्हा संध्याकाळ. त्याची अख्खी गल्ली एका व्हिएतनामी बाईच्या किचनमध्ये जमायची, आणि हा स्पीकर लावायचा. लेबनॉनचा बेकरीवाला, ग्रीक नवरा-बायको, श्रीलंकेचा पोस्टमन. मुलीला काय सांगायचं ते एकेक जण सांगायचा. प्रत्येकाचं इंग्रजी वेगळं आणि माझ्यासारखंच मोडकं. मला तर घरी आल्यासारखं वाटायचं.

मी विचारलं, "यातले खरे ऑस्ट्रेलियन कोण?"

"सगळेच. मी इटलीहून बोटीने आलो, आईच्या कडेवर. पण ज्यांची ती जमीन होती त्यांना विचारशील, तर आम्ही सगळे काल आलेले पाहुणे."

"पाहुण्यांनी घर बळकावलं म्हणा की!"

"हो रे," म्हणाला, आणि चष्मा काढून पुसायला लागला. मला कुठे गप्प बसावं ते कळत नाही.

एक दिवस त्याचं बोलणंच संपलं. "आता तिला काय सांगू?"

म्हटलं, माझी फजिती सांगा. नवीन असताना मी राउंडअबाउटमध्ये, म्हणजे इथल्या गोल चौकात शिरलो, बाहेर पडायला काही जमेना. फेऱ्यावर फेऱ्या. शेवटी बायको म्हणाली, "अहो, प्रदक्षिणा झाल्या असतील तर नारळ फोडा आता!"

फोन चालूच होता. किचनमध्ये हसून धिंगाणा. बेकरीवाला ओरडला, "ड्रायव्हर, उद्या अजून एक!"

झालं, रोज एक. माझ्याकडे काय, माल भरपूर. म्हातारा ते आत जाऊन मुलीला सांगायचा. परतताना मी विचारायचो, "हसली?"

"नर्स हसली."

मग एका सकाळी त्याने हॉस्पिटलमधूनच गाडी बोलावली. आला, बसला, बेल्ट लावायला हात उठेना. मी लावून दिला.

"गेली," म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला. त्याने तो माझ्या हातात दिला. "तू सांग, मेट. मला नाही जमणार."

मी कसंबसं "हॅलो" म्हटलं. माझा आवाज ऐकला आणि तिकडे सगळे हसायलाच लागले. म्हटलं, "नाही, हसू नका, ऐका." ते आणखीनच हसले. एवढ्या लोकांना गप्प करण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं.

मग शेजारी म्हाताऱ्याला हुंदका फुटला. तो तिकडे ऐकू गेला. किचन एकदम गप्प झालं.

शेवटी ती व्हिएतनामी बाई म्हणाली, "ड्रायव्हर, आज त्याला एकट्याला सोडू नकोस."