वनमालाने निवडलेली फळी

वनमाला परब गोरेगावच्या एका स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. ऐन शॉटच्या वेळी नायिकेची चोळी उसवली तरी तिचा हात कापत नसे. पण शुभाचा, तिच्या दहा वर्षांच्या लेकीचा, हात मोडला तेव्हापासून घरात भांडं पडलं तरी ती दचकायची.

घाटकोपरला त्यांची खोली चढावर होती. शेजारच्या मुलाला मामाने दुबईहून स्केटबोर्ड आणला होता. तो मागून घेऊन शुभा उतारावर गेली, चाक निखळलं आणि पोर गटाराच्या कठड्यावर आदळली. प्लास्टर निघालं त्याच दिवशी तिने विचारलं, "मला माझा बोर्ड घ्याल?"

धाकू, तिचा बाप, गिरणीतली नोकरी सुटल्यापासून मरोळच्या कारखान्यात जायचा. तो उसळलाच. "एकदा हात मोडलो, ता पुरे नाय झाला?"

वनमालाही त्याच्याच बाजूची. पण एका संध्याकाळी कामावरून येताना तिला शुभा दिसली. तोच मोडका बोर्ड, चाक तारेने आवळलेलं, आणि पोर त्यावर पाय ठेवून उताराच्या तोंडाशी. हाक मारली तर दचकेल, म्हणून वनमाला श्वास रोखून मागून गेली आणि तिला कवेत घेतलं. ही ऐकणार नाही, हे तिला तेव्हा कळलं. मग निदान धड फळी तरी हवी.

रविवारी ती शुभाला घेऊन स्टेशनजवळच्या खेळाच्या दुकानात गेली. धाकूही आला, पण पाठ फिरवून पायरीवरच थांबला.

"बेन, हा घ्या. एकदम झकास," दुकानदार म्हणाला. लालभडक प्लास्टिक, वर वाघाचं तोंड. शुभाची नजर त्यावरून हलेना.

वनमालाने चपला काढल्या, पदर खोचला आणि फळी खाली ठेवली.

"अहो, हे मुलांचं आहे!"

"पोरगी चढणार आहे ना? आधी मी चढते."

फळी मधोमध वाकली आणि करकरली. वनमाला उतरली. दुकानदाराने तोंड वाकडं करून दुसरी काढली, लाकडी, बिनचित्राची. तिच्यावर पाय ठेवताच ती पुढे पळाली. वनमालाचा तोल गेला, काउंटरवरचे शटलचे डबे गडगडले.

"आई, उतर ना! नको मला काही!" शुभा रडकुंडीला आली.

वनमाला पुन्हा चढली. तेवढ्यात कुणीतरी तिचं मनगट घट्ट धरलं. धाकू होता.

"ताठ काय ऱ्हवतंस? गुडघे वाकव," तो खेकसला.

तिने वाकवले. फळी डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, हळूच सरकली. करकरली नाही.

"हीच द्या," वनमाला म्हणाली.

"वाघवाला नको?" दुकानदाराने शुभाला विचारलं. तिने डोळे पुसत नकारार्थी मान हलवली.

मैदानावर पहिल्याच दिवशी शुभा पडली. धाकू धावला. कोपर सोललं होतं. शुभाने बापाकडे नाही, आईकडे पाहिलं.

"उठू?"

"ऊठ," वनमाला म्हणाली.

उतारावर मात्र तिने दिवाळीपर्यंत जाऊ दिलं नाही. शेवटी शुभा उतारावरून निघाली तेव्हा खालच्या वळणावर धाकू दोन्ही हात पसरून रिक्षा अडवत उभा होता, आणि वर वनमाला, डोळे न मिटता.